रिपोर्टच्या आधी तांब्या बघा

बरेच जण सांगतात की वृद्धाश्रमात म्हातारं माणूस अचानक बरळायला लागलं की लघवी तपासून लगेच अँटिबायोटिक सुरू करावं. काळजी कळते पण पटत नाही. अशा ठिकाणी कायम राहणाऱ्या बायकांपैकी २५ ते ५० टक्के जणींच्या लघवीत काहीच त्रास नसताना जंतू सापडतात, आणि कॅथेटर, म्हणजे लघवीसाठी घातलेली नळी, महिनाभर राहिला तर जवळपास सगळ्यांच्याच, म्हणजे रिपोर्ट पॉझिटिव्ह येणारच ना.

माझी मोठी माय जळगावकडच्या एका आश्रमात होती, मे महिना, पारा पंचेचाळीसच्या घरात, रात्री उठून "केळीले पानी सोडलं का रे" विचारायची. ताप नाही, जळजळ नाही, तरी दोनदा कोर्स झाला आणि जुलाबांनी पार गळून गेली बिचारी. तिसऱ्यांदा तिथल्या सिस्टरचं लक्ष उशाच्या तांब्याकडे गेलं, सकाळी भरलेला तो संध्याकाळी तसाच! रात्री संडासला उठायला नको म्हणून माय पाणीच पीत नव्हती. मग दर दोन तासांनी समोर बसून ताक, साखर-मीठ-पाणी पाजलं आणि तिसऱ्या दिवशी मला नावाने हाक मारली तिने. ताप, थंडी, जळजळ असेल तर मात्र अजिबात थांबू नका, लगेच डॉक्टर गाठा.