मेडिकलची नीट परीक्षा मे मध्ये, जातीची व्हॅलिडिटी (जात पडताळणीचं प्रमाणपत्र) अजून काढलेली नाही. उशीर झालाय का?

गेवराईकर_बाबा:
मुलगी बारावीला आहे, लातूरला हॉस्टेलवर राहून नीटची तयारी चालू आहे. अभ्यासाचं तिचं ती बघते, मला टेन्शन कागदांचं. आम्ही ओबीसी, जातीचा दाखला आहे पण व्हॅलिडिटी घरात आजवर कुणालाच लागली नव्हती. परवा पालक मीटिंगमध्ये सरांनी सहज विचारलं कुणाकुणाची व्हॅलिडिटी बाकी आहे, तर निम्मे हात वर आणि त्यात माझा पण. रिझल्ट लागल्यावर काढली तर चालत नाही का? आणि ती म्हणते एमबीबीएस नाही लागलं तर ड्रॉप घेऊन पुढच्या वर्षी परत नीट देईन पण बीडीएस (दातांची डॉक्टरकी) नको, त्याचं काय करू?

माजलगावची_काकू:
भाऊ, रिझल्टची वाट अजिबात बघू नका, तेव्हा जात पडताळणी समितीच्या दारात जत्रा असते. पोराचं दोन वर्षांपूर्वी केलंय म्हणून सांगते. कॅपच्या वेळी, म्हणजे राज्याच्या प्रवेश फेऱ्यांत, व्हॅलिडिटी हातात नसली की सरळ ओपनमध्ये टाकतात, कधीकधी सरकार मुदत देतं पण त्या भरवशावर राहू नका. दाखला बीड जिल्ह्यातला असेल तर समिती पण बीडचीच, लातूरला अर्ज करायला जाऊ नका. कॉलेजचं पत्र घ्या, ऑनलाइन फॉर्म भरा, वंशावळीचं अफिडेव्हिट करा. आणि खरी मेख पुढंच, ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा जातीची नोंद असलेला पुरावा लागतो. म्हणजे आजोबा नाहीतर चुलत आजोबांचा शाळेचा प्रवेश निर्गम उतारा शोधा. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाची, काका आत्या कुणाचीही, व्हॅलिडिटी झालेली असेल तर निम्मं काम झालं समजा.

आणि हो, नॉन क्रीमी लेयर दाखल्यावरची (प्रगत गटात मोडत नसल्याचा) तारीख बघून ठेवा, प्रवेश घेणार त्याच्या पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालणारा पाहिजे. सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के ऑल इंडिया कोट्याच्या जागांसाठी केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला वेगळा, तिथं व्हॅलिडिटी मागत नाहीत. राज्याच्या ८५ टक्क्यात मागतात.

गेवराईकर_बाबा:
काकू उतारा मिळाला हो, १९५३ चा आहे, गावच्या शाळेत रजिस्टर अजून शाबूत. पण त्यात आजोबांच्या नावामागं आमचं आडनावच नाही, गावावरून पडलेलं दुसरंच लिहिलंय. शाई इतकी उडालीय की मास्तरांनी खिडकीत धरून वाचून दाखवलं. जात मात्र स्पष्ट आहे. आता?

सातबारावाला:
घाबरू नका, आपल्याकडं दर दुसऱ्या घरात हेच आहे. तहसीलमधून जुने फेरफार (जमिनीवर नाव बदलल्याच्या नोंदी) काढा, आजोबा गेल्यावर वारस म्हणून वडिलांचं नाव लागलं असेल ना, त्यात दोन्ही आडनावांची सांगड बसते. सोबत एकच व्यक्ती असल्याचं अफिडेव्हिट. आमच्यात तर तीन आडनावं निघाली होती, समितीचं दक्षता पथक गावात येऊन चौकशी करून गेलं, वेळ गेला पण काम झालं. आणि कुणी सांगेल मराठवाड्याला वेगळा कोटा आहे, तर तो ७०-३० वाला (७० टक्के जागा त्याच भागातल्या मुलांना) प्रकार २०२० लाच रद्द झालाय, आता अख्ख्या राज्याची एकच यादी.

दातवाली:
बीडीएसबद्दल मी सांगते, इंटर्नशिप करतेय. मी पण रडतच आले होते. पहिल्या वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायला लावतात, माझी पहिली दाढ बटाट्यासारखी झाली होती, मॅडमनी सगळ्यांना दाखवली. आता हाच हात कामाला येतो. पण मुलगी मनापासून नको म्हणत असेल तर ढकलू नका, इंटर्नशिप धरून ५ वर्षं आहेत आणि पुढं प्रॅक्टिस बसवायला पैसा लागतो, खुर्चीच महाग. सरकारी डेंटल मोजकीच, मुंबई नागपूर संभाजीनगर वगैरे, तिथं लागत असेल तर मात्र विचार करा. ड्रॉप घ्यायचा तर मार्क कुठं गेले ते आधी बघा. फिजिक्स १८० पैकी आहे, तिथंच अडकत असेल तर वर्षभर बायो वाचून काही होणार नाही. प्रेफरन्स भरताना जिथं खरंच जायचंय तेच वर टाका, कटऑफ बघून क्रम लावू नका. आणि स्टेटस रिटेन्शनचा (मिळालेली सीट पक्की ठेवण्याचा) फॉर्म घाईत देऊ नका, दिला की पुढच्या राऊंडला विचार होत नाही.

गेवराईकर_बाबा:
फिजिक्सचंच तर रडगाणं आहे ताई. हे तिला पाठवतो, माझं ऐकत नाही तुमचं ऐकेल. उद्या तहसीलला जातोय, फेरफार मिळाला की सांगतो.

माजलगावची_काकू:
उतारा दोन प्रतीत घ्या, शिक्क्यासह. एक तुमच्याकडंच ठेवा.