रोज संध्याकाळी सहाला तोच प्रश्न: आठवड्याचं रात्रीचं जेवण ठरवता कसं?

परभणीचा मास्तर

आम्ही परभणी जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी. मी शाळेवर गणित शिकवतो, बायको नर्स. जूनपासून तिला दुपारपाळी लागली, घरी यायला साडेनऊ होतात. म्हणून रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे आला. करता येत नाही अशातला भाग नाही. भाकरी आईनं शिकवली; पहिले पंधरा दिवस परातीतच फाटायची, आता टम्म फुगते. तव्यावर टाकल्यावर पाण्याचा हात वेळेत फिरला पाहिजे, बाकी काही नाही.

अडतं ते ठरवण्यात. सहा वाजले की आई बाजेवरून विचारते, "आज काय करायलास?" मी फ्रिज उघडून उभा. आत अर्धा कोबी, दोन सुकलेली वांगी, कोथिंबिरीच्या नुसत्या काड्या. मग बटाटा. मागच्या आठवड्यात बटाटा पाच वेळा झाला. मुलगी दहावीला आहे. चिडली नाही, ताटावर बसून शांतपणे म्हणाली, "बाबा, उद्या बटाटा नसण्याची संभाव्यता किती?"

मोबाईलवरून सोमवार ते रविवारचा तक्ता उतरवून फ्रिजला चिकटवून पाहिला. सोमवारी पालक पनीर, बुधवारी मशरूम. आमच्या इथं मशरूम कोण आणायलंय! तक्ता मंगळवारी गळून पडला, मी उचलला नाही.

घरची मंडळी अशी: आईला दात नाहीत, शिवाय चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं बंद. मुलगा आठ वर्षांचा, हिरवं दिसलं की वेचून ताटाच्या कडेला कुंपण घालतो. बायको उशिरा जेवते, म्हणजे पुन्हा गरम केलं तरी चांगलं लागेल असं हवं. रेसिपी नकोत, त्या ढिगानं आहेत. तुम्ही ठरवता कसं, ते सांगा.

लातूरची लेक

आमच्याकडे माणशी एक वार. ज्याचा वार, त्यानं सांगायचं, आणि सांगणाऱ्यानं निदान लसूण तरी सोलून द्यायचा. नवरा दर वेळी "काहीही चालेल" म्हणायचा. त्याच्या वारी सलग तीन आठवडे दोडका केला, तेव्हापासून नीट सांगतो. तुमच्या मुलाला धपाटे-दही द्या. पिठात दुधी किसलाय हे त्याला सांगायची काही गरज नाही.

फळीवरचे डबे

मास्तर, तुम्ही आठवडा सोमवारपासून मोजायलात, तिथंच चुकलं. आठवडा बाजाराच्या दिवसापासून मोजायचा. आमचा बाजार गुरुवारचा. त्या रात्री आणि शुक्रवारी पालेभाजी, कारण ती कुणासाठी थांबत नाही. आत्ता अंबाडी, तांदुळजा, चुका. थंडीत करडई, हरभऱ्याचा पाला. शनिवार-रविवार भेंडी, गवार, दोडका. सोमवारी कोबी, दुधी, लाल भोपळा अशी दमाची भाजी. मंगळवार-बुधवारी पिशवी रिकामी होते, तेव्हा फळीवर हात घालायचा: सांडगे, येसर, वाळवलेली हरभऱ्याची भाजी, मटकी. सासूबाईंच्या वेळी घरात फ्रिज नव्हता, त्यांचा आठवडा असाच फिरायचा. मला तेव्हा वाटायचं, त्या मनाला येईल ते करतात.

अंबाडी करणार असाल तर पानं उकडून पाणी टाकून द्या, नाहीतर आंबटपणानं तोंड वाकडं होतं. तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून शिजवा, चांगलं घोटा. आईचं आधी काढून ठेवा, मग बाकीच्यावर लसणाची फोडणी. दात नसले तरी अडत नाही, सगळं गरगट होतं. आणि बाजाराच्या आदल्या रात्री वरणफळं. त्या दिवशी डोकं चालवायचंच नाही.

गोदाकाठ, नांदेड

वरणफळं परत गरम केली की लगदा होतो, वहिनींसाठी नको. आमच्याकडे अशा रात्री खिचडी-खट्टा. शेजारच्या खालांकडून आईनं उचलला तो. खिचडी मसुरीच्या डाळीची. खट्टा गॅसवर चढवायचाच नाही: चिंचेचा कोळ, भाजून कुटलेले तीळ, हिरवी मिरची, कोथिंबीर, वरून बारीक कांदा. तुमच्या आईच्या वाटीत कांदा टाकू नका, झालं.

फळीवरचे डबे

लगदा होतो कारण तुम्ही फळं पातळ लाटता. जाड लाटा, वरण सैल ठेवा. खट्टा मात्र करून बघीन.

परभणीचा मास्तर

तीन आठवडे करून पाहिलं, म्हणून लिहायलोय.

बाजाराचा हिशेब लागू पडला. आमचा बाजार शुक्रवारचा. पहिल्या शुक्रवारी हुरळून जाऊन पालेभाजीच्या सहा जुड्या आणल्या. निवडता निवडता आठ वाजले आणि जेवायला शेवटी पिठलं. पुढच्या वेळेपासून दोनच जुड्या. आता आई निवडून देते. अंबाडीचं एकेक पान खुडताना ऐकवते की जात्यावर भरडलेल्या कण्यांची सर मिक्सरला नाही. मी हो म्हणतो आणि मिक्सर फिरवतो.

लातूरच्या ताई, माणशी एक वार आमच्याकडे फसला. मुलानं नूडल्स सांगितल्या आणि मुलीनं मुद्दाम बटाटा. आई मात्र म्हणाली, येसर कर. डबा फळीवर होताच, पुतणीच्या लग्नातला: बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने, मसाला, सगळं भाजून दळलेलं. तो डबा चार महिने माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मी बटाटे सोलत होतो. येसर सरळ फोडणीत टाकायला गेलो तर आई बाजेवरून उठून आली. "आधी पाण्यात कालव, गाठी होतील." तीन चमचे येसर, तांब्याभर पाणी, मोहरी-जिऱ्याची फोडणी, चिंच, गूळ. उकळी फुटली तशी आमटी दाटायला लागली आणि घरभर मांडवाचा वास सुटला. मुलानं भाकरी कुस्करून दोन वाट्या संपवल्या, वेचायला हिरवं काही नव्हतंच. साडेनऊला बायको चपला काढता काढता दारातूनच म्हणाली, "येसर कुणी काढलं?" तोवर आमटी पिठल्यासारखी झाली होती; अर्धा पेला पाणी घालून परत उकळली, चांगली लागली.

खिचडी-खट्टा दोनदा झाला. खट्ट्यात तीळ जास्त पडले तर दोष माझा, पण मुलीला तसाच आवडला.

आता एक अडलंय. पुढच्या शुक्रवारी बाजार आणि शनिवारी एकादशी. आई आणि मी उपवास धरतो, दोन पोरांपुरती भाजी कोण करत बसतंय. शुक्रवारचा तांदुळजा रविवारपर्यंत टिकवता कसा?

फळीवरचे डबे

मुळं कापू नका, धुऊ नका. माती झटकून कोरड्या सुती फडक्यात गुंडाळा आणि फ्रिजच्या खालच्या खणात ठेवा. निवडून ठेवायचा मोह आईंना होईल, त्यांना सांगा रविवारी सकाळी.