पुराचं पाणी आलेलं घर विकताना समोरच्याला सांगावं का?

पायरी_सातवी: वडिलांचं कोल्हापुरातलं, शुक्रवार पेठेतलं घर विकायला काढलंय. 2019 ला आणि 2021 ला खालच्या मजल्यात पाणी होतं. 2019 ला तर जिन्याची सातवी पायरी बुडाली. नंतर नवा गिलावा आणि रंग केला. घेणारे पुण्याचे, त्यांनी पुराचं विचारलंच नाही. एजंट म्हणतो, "दादा, विचारलं तर सांगा, आपण होऊन कशाला?" काल कपाट सरकवलं, तर फळीच्या सांध्यात वाळलेला गाळ दिसला. नखानं खरवडला, तर नदीचा वास आला. रात्रभर डोळा लागला नाही. परवा इसार आहे. सिसेरो या प्राचीन रोमन विचारवंतानं घर विकणाऱ्याबद्दल लिहिलंय असं कॉलेजात ऐकलेलं. नेमकं काय?

निवृत्त मास्तर: इ.स.पू. 44 मध्ये अथेन्सला शिकणाऱ्या मुलासाठी त्यानं कर्तव्यांवर ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागात आहे. तुमच्या कामाचा त्यातला खटला ऐका. सेंटुमालस नावाच्या माणसाचं घर रोममधल्या सीलियन टेकडीवर होतं. शकुन पाहणाऱ्या पुरोहितांना ते आड येत होतं, म्हणून उंच भाग पाडायचा हुकूम त्याला आला. त्यानं हुकूम दडवून घर विकलं. घेणाऱ्याला पाडावं लागलं, तो कोर्टात गेला. न्यायाधीश केटो, म्हणजे सीझरला विरोध करणाऱ्या प्रसिद्ध केटोचे वडील. निकाल असा: माहीत असून सांगितलं नाही, तर नुकसान विकणाऱ्यानं भरून द्यायचं.

मार्केट यार्ड: पण घेणाऱ्यानं चौकशी करायला नको? पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची धोका पातळी 43 फूट, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

निवृत्त मास्तर: इथं ठाऊक आहे, पुण्याच्या माणसाला कसं असेल? तुमचाच मुद्दा त्याच ग्रंथात बॅबिलोनचा डायोजेनिस हा तत्त्वज्ञ मांडतो: घ्यायची जबरदस्ती कुणी केली नव्हती. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, वाट चुकलेल्याला रस्ता न दाखवणाऱ्याला अथेन्समध्ये लोक जाहीर शाप देत, आणि हे तर त्याहून वाईट. सिसेरोचा कौल शिष्याकडे. गप्प बसणं वेगळं आणि दडवणं वेगळं, असं तो म्हणतो. ज्याच्या उपयोगाची गोष्ट, त्यालाच ती आपल्या फायद्यासाठी कळू द्यायची नाही, हे दडवणं. मला हे शंभर टक्के पटतं. तुम्ही भिंत रंगवून घेतलीय, नुसते गप्प नाही बसलात.

पायरी_सातवी: मास्तर, शेवटचं वाक्य लागलं. आत्ताच त्यांना फोन केला, दोन्ही सालं सांगितली. बाई थोडा वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "पाणी कुठवर आलेलं, त्या पायरीचा फोटो पाठवा." सकाळी उजेडात काढून पाठवतो.