मदत हवी आहे : शेतकरी कंपनीचा हिशेब मागायचा कसा?

नमस्कार मंडळी. आमच्या भागातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीची मी भागधारक आहे. सोयाबीन तिथेच घालते. यंदाही वार्षिक सभेत ताळेबंद नुसता वाचून दाखवला, 'मंजूर, मंजूर' झालं आणि चहा आला. प्रत कुणाच्याच हातात नाही.

मी कंपनी कायदा, 2013 मधलं उत्पादक कंपन्यांचं प्रकरण वाचून काढलं. सभेची नोटीस किमान 14 दिवस आधी हवी आणि तिच्यासोबत विषयपत्रिका, मागच्या सभेचं इतिवृत्त, ऑडिट झालेला ताळेबंद व नफा-तोटा पत्रक हवं. आम्हाला आली ती फक्त व्हॉट्सॲपवर तारीख आणि वेळ.

खरी बोच वेगळीच आहे. बारदाना, म्हणजे माल भरायची पोती, एका संचालकाच्या भावाच्या दुकानातून येतो. कलम 184 प्रमाणे संचालकाने स्वतःचे हितसंबंध संचालक मंडळापुढे उघड करायचे असतात. ते केले का, आणि दर कुणी ठरवला, हे विचारलं की 'ताई, विश्वास ठेवा' एवढंच उत्तर. विश्वास आहे हो, म्हणून तर पैसे घातले. पण आमच्यासारख्या लहान सभासदांना कागदही दिसायला हवा.

कंपनी निबंधकांकडे (कंपन्यांची नोंदणी करणारे सरकारी अधिकारी) दाखल झालेली कागदपत्रं एमसीएच्या, म्हणजे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, संकेतस्थळावर फी भरून बघता येतात, ती मी काढतेच आहे. पण संचालक मंडळाच्या बैठकीचं इतिवृत्त तिथे नसतं. ते सभासदाला मागता येतं का? नसेल तर बारदान्याच्या खरेदीची माहिती कुठल्या वाटेने मिळवायची? कुणी असा लेखी अर्ज केला असेल तर मसुदा दाखवाल का? आणि निबंधकांकडे तक्रार एकटीने करावी, की आधी आणखी सभासदांच्या सह्या घ्याव्यात?