चूर्ण 1 चमच्यावरून 2 वर गेलं तरी पोट साफ नाही, वर फुगतं पण.. काय करू?

अमळनेरची_बाई
नमस्कार. विषय जरा लाजेचा आहे पण इथे कोण कोणाला ओळखतं, म्हणून विचारूनच टाकते. वय 38, प्राथमिक शाळेत शिकवते, सकाळी साडेसहाला काळीपिवळी पकडावी लागते. शाळेच्या बाथरूमला आतून कडी लागत नाही आणि पाणी बाहेरून बादलीने न्यायचं, मग मी काय करते तर दुपारी घरी येईपर्यंत पाणीच पीत नाही. सकाळी घरी कळ येते ती नेमकी डब्याच्या पोळ्या लाटताना, तेव्हा थांबवली की गेलीच, मग दोन दोन तीन तीन दिवस काही नाही. तिसऱ्या तासाला परकराची नाडी सैल करावी लागते इतकं पोट टम्म. मेडिकलवाल्याने एक चूर्ण दिलं, आयुर्वेदिक आहे काही होत नाही म्हणे, वर्ष झालं रोज रात्री घेतेय, आधी 1 चमच्यात काम व्हायचं आता 2 घेऊन नुसता मुरडा येतो. इसबगोलपण सुरू केलं, अर्धा कप पाण्यात, त्याने तर अजूनच फुगतं.

खापरावरची_पोळी
माय वं, दुपारपर्यंत पाणी नाही आणि आपल्याकडचं ऊन! मे महिन्यात 44-45 जातंय, काय होईल पोटाचं. आमच्या सासूबाई रात्री कोमट दुधात चमचाभर गाईचं तूप घ्यायच्या, नाहीतर 15-20 काळे मनुके सकाळी भिजवून रात्री चावून. गॅसला ओवा, सैंधव तव्यावर शेकून चिमूटभर. एरंडेल महिन्यातून कधीतरी द्यायच्या, रोज नाही. आणि रात्री कळण्याची भाकरी बंद कर, त्यात उडीद असतो, पचायला जड.

भुसावळ_जंक्शन
काय भो, कळण्याची भाकरी बंद म्हणजे जगायचं कशाला 😄 बामणोदची वांगी आली की भरीत कशासोबत खायचं मग?

वैद्य_सातपुडा
भाकरी खा, पण दुपारी खा, वर कच्चं तेल घेऊन. रात्री 10 वाजता शेवभाजीसोबत नको.

ताई, आधी चूर्णाचा डबा घ्या आणि मागचं बारीक अक्षर वाचा. सोनामुखी दिसेल, कधी स्वर्णपत्री लिहितात, कधी सनाय. बाजारातल्या बऱ्याच पोट साफ करायच्या चूर्णांत तीच असते. वनस्पती आहे, आयुर्वेदातलीच आहे, पण ती आतड्याला चाबूक मारून पळवते, चार-आठ दिवसांसाठी ठीक, वर्षभर रोज नाही, मग डोस वाढत जातो आणि मुरडा येतो तो तिचाच. एकदम बंद करू नका, जवळच्या वैद्याला दाखवून हळूहळू उतरवा, त्याजागी त्रिफळा किंवा गंधर्वहरीतकी देतात, म्हणजे एरंडेलात भाजलेला हिरडा, ती सौम्य आहे. गर्भ राहिला असेल किंवा शक्यता असेल तर हिरडा, एरंडेल काहीच आपल्या मनाने नको.

फुगण्यासाठी हिंग्वाष्टक. सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरे, शहाजिरे आणि हिंग, अशी 8. लोक ते जेवणानंतर पाण्यासोबत घेतात, पण ग्रंथात सांगितलंय तुपात कालवून जेवणाच्या पहिल्या घासाला. बीपी असेल तर मीठ आहे हे लक्षात ठेवा, ॲसिडिटीने जळजळत असेल तर हे तुमच्यासाठी नाही.

इसबगोल अर्ध्या कपात घेणं म्हणजे घरात सिमेंट कालवून ठेवणं. मोठा ग्लासभर पाणी, वर अजून एक ग्लास, आणि दिवसभर पाणी पिणार नसाल तर घेऊच नका.

पण खरं दुखणं वेगळंच आहे. चरकाने 13 वेग, म्हणजे शरीराच्या आपोआप येणाऱ्या हाका, सांगितलेत जे अडवायचे नाहीत, त्यात मूत्र आणि पुरीष म्हणजे मळ पहिल्यांदा येतात. अडवलं की अपान वायू, म्हणजे खाली सरणारा वारा, उलटा फिरतो, पोट फुगतं, मळ सुकतो. आता डॉक्टर पण तेच सांगतात, वेगळ्या शब्दांत: मळ जितका थांबेल तितकं आतडं त्यातलं पाणी शोषून घेतं. म्हणून 20 मिनिटं आधी उठा, कोमट पाणी प्या आणि पोळ्या लाटायच्या आधी जाऊन बसा, कळ आली नाही तरी. पायाखाली छोटं स्टूल घ्या कमोड असेल तर.

लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या चालू आहेत का? थायरॉईड तपासलंय का? रक्त पडत असेल, वजन घटत असेल, किंवा उलट्या होऊन वारासुद्धा सरत नसेल तर चूर्ण-बिर्ण बाजूला ठेवा, सरळ दवाखाना.

अमळनेरची_बाई
डबा पाहिला. सोनामुखी पहिल्याच नंबरला 🙈 आणि लोहाच्या गोळ्या चालू आहेत 4 महिन्यांपासून, हे कोणी विचारलंच नव्हतं. रक्त वगैरे नाही. थायरॉईडचं रक्त सोमवारी देते. घरच्यांना सांगितलं सकाळचा पहिला चहा आपापला करा, तर सगळे माझ्या तोंडाकडे बघताय.

खापरावरची_पोळी
बघू दे. चार दिवस बघतील मग करतील.

भुसावळ_जंक्शन
मॅडम बाकी सगळं वैद्यबुवांनी सांगितलं, मी एकच सांगतो, हार्डवेअरच्या दुकानात कडी पन्नास-साठ रुपयात मिळते, चार स्क्रू लागतात. हेडसरांच्या परवानगीची वाट पाहू नका.

अमळनेरची_बाई
आणली 😀 आमच्या शिपाईमामांनी मधल्या सुट्टीत बसवली. आज बाटली भरून नेली होती, अर्धी संपली.