मदत हवी आहे: वेळासला कासवं बघायला जाताना काय न्यावं, काय घरीच ठेवावं?

शेवंती

नमस्कार मंडळी,

मार्चमध्ये पुण्याहून वेळासला (ता. मंडणगड, जि. रत्नागिरी) जायचं ठरतंय. आम्ही दोघं, ७ आणि ११ वर्षांच्या दोन मुली आणि माझी आई. आई ६८ वर्षांची आहे, गुडघे दुखतात, तरी सगळ्यात जास्त उत्साह तिलाच आहे. गाडी घरची. ताम्हिणीतून माणगाव, मग म्हसळा, श्रीवर्धन, हरिहरेश्वर करत बागमांडल्याहून फेरीबोटीने वेसवी, असा रस्ता मनात आहे. महाड-मंडणगड रस्ताही आहे, पण मुलींना गाडी बोटीत चढताना बघायची आहे.

जुजबी माहिती काढली आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ च्या सुमारास तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी वाचवायचं काम सुरू केलं आणि पुढे गाव आणि वनखातं त्यात उतरलं, हे वाचलं. अंडी कोल्ह्या-कुत्र्यांपासून आणि चोरांपासून वाचावीत म्हणून कुंपणातल्या हॅचरीत हलवतात आणि पिल्लं वर आली की सकाळ-संध्याकाळ समुद्राकडे सोडतात. पिल्लं दिसतीलच अशी हमी नसते, हे मुलींना आधीच सांगून ठेवलंय.

आता प्रश्न. दुकानात गेलं की विक्रेता हेडलॅम्प, फिल्टरची बाटली, पाण्यात चालणारे बूट, सोलर चार्जर असं सगळंच आवश्यक म्हणून पुढे करतो. यातलं खरंच काय लागतं? मला दोन गोष्टींची जास्त काळजी आहे. एक, आमच्या उजेडाचा किंवा वावराचा पिल्लांना त्रास होऊ नये. दुसरी, आम्ही पाच माणसं दोन-तीन दिवस राहणार, तर आमचा कचरा त्या लहानशा गावाच्या माथी पडू नये. पाण्याच्या बाटल्या आणि सॅनिटरी पॅड यांचं काय करायचं, कोणी मोकळेपणाने सांगेल का?

शिवाय आई वाळूत चालेल कशी, हेही सुचवा. पहिल्यांदाच जातोय, त्यामुळे बारीकसारीक गोष्टीही चालतील.

घाटवाट

ताई, उजेडापासून सुरू करतो.

पिल्लं सोडायची वेळ साधारण सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या आसपास असते. मार्चमध्ये त्या दोन्ही वेळी पुरेसा उजेड असतो. म्हणजे पिल्लं बघायला टॉर्च लागतच नाही. टॉर्च लागते ती रात्री जेवून अंगणात जायला, पहाटे अंधारात घराबाहेर पडायला किंवा वीज गेली तर. त्यासाठी महागडा हेडलॅम्प घ्यायची गरज नाही. घरातली साधी टॉर्च घ्या, स्टेशनरीच्या दुकानातून लाल जिलेटिन कागद आणा, दुहेरी घडी घालून काचेवर रबरबँडने बसवा. नवीन घेणारच असाल तर लाल दिव्याची सोय असलेला हेडलॅम्प बघा. फक्त तो सुरू केल्यावर आधी पांढरा उजेड पडतो की थेट लाल, हे दुकानातच बटण दाबून तपासा. बऱ्याच स्वस्त हेडलॅम्पमध्ये लाल दिव्यापर्यंत पोहोचायला पांढरे दोन-तीन टप्पे ओलांडावे लागतात. किनाऱ्यावर नेमकं तेच नको असतं.

कारण असं की वाळूतून वर आलेलं पिल्लू जिकडे क्षितिज जास्त उजळ तिकडे चालतं. निसर्गात ती बाजू समुद्राची. मागे दिवा लागला की ते उलटं फिरतं, गावाकडे. आणि रात्री अंडी घालायला येणारी मादी किनाऱ्यावर हालचाल किंवा उजेड दिसला तर तशीच परत जाऊ शकते. म्हणून रात्री किनाऱ्यावर फिरायला जाऊच नका, लाल टॉर्च असली तरी. ते काम गस्त घालणाऱ्यांचं आहे.

फोनचा फ्लॅश बंद ठेवा. कॅमेरा नेणार असाल तर फोकससाठी समोर पडणारा नारिंगी किंवा हिरवा किरण सेटिंगमध्ये जाऊन वेगळा बंद करावा लागतो. फ्लॅश बंद केला की तो आपोआप बंद होतो असा अनेकांचा समज असतो.

मु_पो_कोथरूड

पाण्याबद्दल लिहिते. फिल्टरच्या बाटलीवर पैसे घालू नका, निदान या सहलीसाठी. त्या बाटल्यांमधला बारीक नळ्यांचा फिल्टर बहुधा ०.१ मायक्रॉनचा असतो. तो जिवाणू अडवतो, विषाणू नाही. उकळलेल्या पाण्यात दोन्ही मरतात, आणि ज्यांच्या घरी राहणार तिथे चूल-गॅस असतोच. बुकिंगच्या फोनवरच सांगून ठेवा की रात्री उकळून गार केलेलं पाणी हवंय, भांडं आम्ही आणतो.

आम्ही गाडीत २० लिटरचा नळ असलेला जार ठेवतो आणि प्रत्येकाची एक स्टीलची बाटली. जाताना घरून भरलेला जार पाच जणांना वाटेभर आणि पहिल्या रात्रीपर्यंत पुरतो. बाटल्यांवर मुलींची नावं लिहा, म्हणजे "माझी कुठली" म्हणून दर वेळी नवी भरली जात नाही.

मार्चमधला कोकणातला उकाडा पुण्यासारखा नसतो. घाम सुकत नाही आणि तहान लागलेली कळत नाही. आजींसाठी ओआरएसची पाकिटं ठेवाच. पूर्ण बाह्यांचा सुती कुर्ता आणि रुंद काठाची टोपी यांचा क्रीमपेक्षा जास्त उपयोग होतो.

सई_आणि_सामान

पॅडबद्दल विचारलंत, बरं केलंत. सगळ्या बायकांना पडणारा प्रश्न आहे आणि सहलीच्या याद्यांमध्ये कधीच नसतो.

अशा गावांत शहरासारखी रोजची घंटागाडी असेलच असं धरून चालू नका. आपण न्हाणीघराच्या कोपऱ्यात कागदात गुंडाळून ठेवलेलं पॅड शेवटी घरच्या बाईलाच उचलावं लागतं, आणि मग ते एकतर जाळलं जातं नाहीतर परसात पुरलं जातं. जाळलं की प्लास्टिकचा धूर, पुरलं की कुत्री उकरतात. म्हणून वापरलेले पॅड परत आणायचे. ऐकायला अवघड वाटतं, प्रत्यक्षात नाही. लहान मुलांच्या ओल्या कपड्यांसाठी मिळते ती आतून रबरी अस्तर असलेली चेनची पिशवी घ्या, गडद रंगाची. प्रत्येक पॅड वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून त्यात टाका, सोबत दोन चमचे खाण्याचा सोडा. चेन लावली की वास येत नाही. गाडीच्या डिकीत एका बाजूला ठेवायची आणि पुण्यात आल्यावर लाल खूण करून वेगळ्या कचऱ्यात द्यायची. मासिक पाळीचा कप वापरत असाल तर प्रश्नच मिटला, पण कपाची सवय सहलीत करू नका, ती आधी घरी व्हायला हवी.

ओले टिश्यू नेऊ नका. हाताला कापडासारखे लागतात, पण त्यातल्या बहुतेकांत प्लास्टिकचे धागे असतात, ते कुजत नाहीत. दोन पंचे न्या. एक ओला, एक कोरडा. मुलींचे वाळूचे पाय त्यानेच पुसा.

खाऊही घरीच डब्यात काढून घ्या. वेफर्सचं पाकीट किनाऱ्यावर उघडलं की त्याचा फाडलेला कोपरा वाऱ्याने कधी उडतो ते कळत नाही. मोठं पाकीट आपण सांभाळतो, तो बोटभर तुकडा समुद्रात जातो.

शेवंती

सगळ्यांचे मनापासून आभार. चेनच्या पिशवीची कल्पना फारच उपयोगी आहे. हेडलॅम्प रद्द, जिलेटिन कागद आणते.

तारखांचं अजून नक्की नाही. दोन शनिवार-रविवार मोकळे आहेत. एक होळीला लागून, दुसरा त्याच्या पुढच्या आठवड्यात. मुलींना होळीचा जवळचा वाटतो. आईच्या दृष्टीने काही फरक पडेल का?

खाडीकाठ

फरक पडतो, आणि बराच पडतो. माझं आजोळ त्याच पट्ट्यातलं, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे शिमगा. होळीच्या आसपास कोकणातल्या घरांत मुंबईहून चाकरमानी आलेले असतात, पालख्या घरोघर फिरत असतात. यजमानांची घरची धावपळ असते. ते "या" म्हणतीलही, कारण पाहुण्याला नाही म्हणायची सवय नाही. तुम्हीच विचारा, "तुमची पालखी कधी आहे, त्या दिवसात आमची अडचण होईल का?" असं थेट विचारलं की खरं उत्तर मिळतं.

दुसरं, समुद्र. आमच्याकडे भरतीचा साधा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला अकरा-बाराच्या सुमारास. हे पूर्ण भरतीचं वेळापत्रक, दिवसातून दोनदा, पहाटे-सकाळी आणि दुपारी-संध्याकाळी. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. थोडं पुढेमागे होतं, पण अंदाजाला चुकत नाही. कालनिर्णय भिंतीवर असेल तर वेगळं ॲप लागत नाही.

आता तुमच्या दोन तारखांना हे लावून बघा. होळी म्हणजे फाल्गुन पौर्णिमा. त्या दिवशी भरती बाराला, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाला पूर्ण ओहोटी, तीही उधाणाची. नेमकी पिल्लं सोडायच्या वेळी पाणी सगळ्यात लांब गेलेलं. पिल्लांना चालायला लांब पल्ला आणि मागून बघणाऱ्या आजींनाही. पुढच्या आठवड्यात वद्य अष्टमीच्या आसपास सकाळ-संध्याकाळ सहाला भरती असते. पाणी जवळ आलेलं असतं, भांगाची, म्हणजे उधाणाच्या उलट कमी चढउताराची भरती असल्यामुळे ते फार वरही चढत नाही. पिल्लं सोडतात तिथून पाण्यापर्यंतचं सगळं आजींना एका जागी बसून दिसेल.

बसायला तीन पायांचं घडीचं स्टूल नेऊ नका, पाय वाळूत रुततात. तळाला आडवी दांडी असलेली ठेंगणी खुर्ची घ्या. चालायला काठी हवीच. ट्रेकच्या काठीला टोकाजवळ बसवायची रुंद चकती मिळते, ती लावली की काठी वाळूत घुसत नाही. सुकी वाळू पायाला ओढते, तेवढा भाग सावकाश चालायचा.

एक विनंती. पिल्लं सोडतात तेव्हा दोरी बांधलेली असते. दोरीच्या आत तर जायचं नाहीच, पण ती लावायच्या आधीही त्या पट्ट्यातून चालू नका. पिल्लू असतं जेमतेम ४ सेंटिमीटरचं. आपल्या टाचेचा खड्डा त्याला विहिरीएवढा. त्यात पडलं की उलटं होतं, पाय हलवत राहतं, दमतं. कार्यकर्ते वाळू सारखी करून ठेवतात, ती तशीच राहू द्यावी. एखादं पिल्लू अडलं की मुलींना वाटेल, उचलून पाण्यात ठेवू. तसं करू नये, स्वतः चालत जाण्याने त्यांच्यात त्या किनाऱ्याची ओळख पक्की होते असं मानतात. शिवाय वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला हा प्राणी आहे. अडलं तर कार्यकर्त्याला दाखवा, तो बघेल.

घाटवाट

खाडीकाठ यांचा हिशेब पुढच्या प्रत्येक कोकण सहलीला वापरणार. अष्टमीचा शनिवार घ्या, ताई.

एक भर. गाडी वाळूवर नेऊ नका, कितीही कडक दिसली आणि बाकीचे नेत असले तरी. घरटं वाळूत दीड फुटाच्या आसपास खोल असतं आणि सगळीच काही हॅचरीत आलेली नसतात. चाकांनी वाळू दाबली गेली की आतलं पिल्लू वर येऊ शकत नाही.

माणगाव सुटायच्या आधी फोनमध्ये त्या भागाचा नकाशा उतरवून ठेवा, पुढे रेंजचा भरवसा नाही. त्याच कारणासाठी रोख पैसे जवळ ठेवा. पेट्रोलही आधी भरा.

शेवंती

ठरलं. अष्टमीचाच शनिवार. यजमानांना फोन केला, शिमग्याचं विचारल्यावर त्या स्वतःच म्हणाल्या की पुढचा आठवडा बरा, निवांत बोलता येईल. जेवण घरचंच, शाकाहारी. उकळलेल्या पाण्याचं सांगितलं.

एकच राहिलं. त्यांच्याकडे भारतीय पद्धतीचा संडास आहे. आईला खाली बसता येत नाही. काही उपाय?

सई_आणि_सामान

औषधांच्या मोठ्या दुकानात किंवा सर्जिकल सामानाच्या दुकानात घडीची कमोड खुर्ची मिळते, काही ठिकाणी भाड्यानेही. मधलं भांडं काढून ती थेट संडासाच्या भांड्यावर ठेवता येते. नेण्याआधी घरी आईंना एकदा बसवून बघा, आणि पायांच्या टोकांना रबर नीट बसलेलं आहे ना ते तपासा, ओल्या फरशीवर सरकता कामा नये. यजमानांकडून संडासाची रुंदी फोनवर विचारून घ्या. दोन फूट मोकळी जागा असेल तर खुर्ची बसते. शेजारी भिंतीला धरायला काही नसेल तर आईंची काठी तिथेच लागेल, रात्री ती आत नेऊन ठेवा.