शब्दचर्चा : भूऔष्णिक, द्रायू, जिरवणे

शिक्षिका, नाशिक रोड : नववीच्या मुली विज्ञान प्रदर्शनासाठी तक्ता करताहेत. जमिनीखालच्या तापलेल्या खडकात पाण्याऐवजी कार्बन डायऑक्साइड सोडायचा, तो तापून वर आला की त्याच्यापासून उष्णता आणि वीज घ्यायची, असा विषय आहे. काम शब्दांपाशी अडलंय. ‘भूऔष्णिक’ लिहिलं की आमच्या भागात एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्राची धुराडी आणि कोळसाच डोळ्यांपुढे येतो. आत फिरणाऱ्या कार्बन डायऑक्साइडला वायू म्हणावं की द्रव? आणि तो जमिनीत गाडतात, साठवतात की जिरवतात? मुलींनी तिन्ही लिहून आणलंय.

निवृत्त अभियंता, जेल रोड : मॅडम, ‘भूऔष्णिक’ बिनधास्त ठेवा. औष्णिक म्हणजे उष्णतेवर चालणारं. कोळसा त्या शब्दात कुठेच नाही, तो आपल्या सवयीत आहे.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र थांबायला हवं, कारण तिथे शब्द चुकला तर विज्ञानही चुकतं. कार्बन डायऑक्साइडचं क्रांतिक तापमान 31 अंश सेल्सियस, क्रांतिक दाब सुमारे 74 बार. जमिनीखाली साधारण 800 मीटरच्या पुढे दोन्ही ओलांडले जातात. तिथे तो ना वायू राहतो ना द्रव. घनता द्रवाच्या जवळ जाणारी, पातळपणा वायूच्या जवळचा. सगळं इंगित या दुहेरी स्वभावात आहे. पातळ असल्यामुळे खडकाच्या बारीक छिद्रांतून तो पाण्यापेक्षा सहज सरकतो. तापला की चांगलाच फुगतो आणि हलका होतो. मग एका विहिरीतून थंड, जड कार्बन डायऑक्साइड खाली उतरतो आणि दुसरीतून गरम झालेला आपल्या बळावर वर चढतो. पंपाची वीज बरीच वाचते, कधीकधी पंपाची गरजच उरत नाही. वर आल्यावर तो थेट टर्बाइनमधून सोडायचा, नाहीतर त्याची उष्णता काढून घेऊन इमारती गरम करायच्या.

उणी बाजूही तक्त्यावर येऊ द्या. किलोमागे तो पाण्यापेक्षा कमी उष्णता उचलतो, म्हणून जास्त वस्तुमान फिरवावं लागतं. त्यात पाणी मिसळलं की कार्बोनिक आम्ल होतं आणि पोलादी नळ्या गंजतात.

अशा पदार्थाला मराठीत ‘द्रायू’ हा शब्द तयार आहे. द्रव आणि वायू दोन्ही त्याच्या पोटात येतात.

अनुवादक, गंगापूर रोड : ‘द्रायू’ला माझंही मत. फक्त इंग्रजी ‘वर्किंग फ्लुइड’वरून त्याच्याआधी ‘कार्यकारी’ लावू नका, वाचकाला लगेच कार्यकारी अभियंता आठवतो. ‘उष्णतावाहक’ म्हटलं तर तांब्या-ॲल्युमिनियमकडे लक्ष जातं. अभिसरणावरून ‘अभिसारी’ म्हणावं, तर तो भिंगासाठी आधीच अडकलाय. मी ‘फिरता द्रायू’ लिहीन. फिरता दवाखाना, फिरतं वाचनालय, फिरता निधी. जाऊन परत येण्याचा अर्थ त्यात आपसूक आहे.

वाचक, चोपडा : आमच्याकडे उनपदेवला गरम पाण्याचा झरा आहे. ऊन म्हणजे गरम. ऊन पाणी, ऊन ऊन भात. कोकणातल्या उन्हवऱ्यालाही असाच झरा. मुलींना भूऔष्णिक समजवायचं असेल तर ही नावं आधी सांगा, पारिभाषिक शब्द मागाहून येऊ दे.

प्राध्यापक, पंचवटी : आता गाडणं आणि जिरवणं. ‘गाडणे’ मी साफ नाकारतो. गाडलेलं कुणी कामाला लावत नाही, आणि इथे तर तो कामाला लावायचाच आहे. 2000 साली अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या डोनाल्ड ब्राउन यांनी गरम कोरड्या खडकात पाण्याऐवजी कार्बन डायऑक्साइड फिरवण्याची कल्पना मांडली. 2011 मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या रँडॉल्फ आणि सार यांनी ती पुढे नेली. खडक फोडत बसण्यापेक्षा मुळातच सच्छिद्र असलेला वालुकाश्माचा थर आणि त्यावर अभेद्य थर असलेली जागा घ्यायची, तिथे कार्बन डायऑक्साइडचा मोठा लोट पसरू द्यायचा आणि त्यातला तापलेला भाग वर आणून, निववून, परत खाली सोडायचा. इथे तो छिद्रांत कार्बन डायऑक्साइड म्हणूनच असतो. म्हणून क्रियापद ‘साठवणे’.

‘जिरवणे’ची जागा वेगळी. आपण पाणी जिरवतो म्हणजे ते जमिनीचं होऊन जातं. आइसलँडमध्ये हेलिशेदी इथल्या भूऔष्णिक केंद्राजवळ कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसॉल्टमध्ये सोडला. खडकातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी त्याचा संयोग होऊन दोन वर्षांच्या आत त्यातल्या 95 टक्क्यांहून अधिक भागाची खनिजं झाली. तो परत येणार नाही, त्याच्यावर वीजही करता येणार नाही. याला ‘जिरवणे’ म्हणावं. आपल्या पांडवलेण्यांचा काळा दगड याच बेसॉल्टचा, तेव्हा मुलींनी त्याचा एक तुकडा तक्त्याशेजारी जरूर ठेवावा. पण लोटाच्या पद्धतीचं चित्र काढताना मात्र वालुकाश्मच दाखवा, नाशिकचा दगड तिथे नको.

शिक्षिका, नाशिक रोड : सर, मग एकाच वाक्यात ‘फिरवणे’ आणि ‘साठवणे’ दोन्ही चालतील का? मुलींनी लिहिलंय : ‘वाळूखडकात साठवलेला कार्बन डायऑक्साइड फिरता द्रायू म्हणून वापरून भूऔष्णिक ऊर्जा मिळवणे.’

प्राध्यापक, पंचवटी : चालतील. फिरतो तो साठ्यातलाच, आणि विहिरी बंद केल्यावर सगळा खालीच ठेवायचा असतो. ‘ऊर्जा’च्या जागी ‘उष्णता आणि वीज’ लिहा, म्हणजे नेमकं काय मिळतं ते कळेल.